क्षुधा आणि अपराध

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्यापैकी बहुतेकांनी सात मूळ पापे तोंडपाठ केलेली आहेत: गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. यांपैकी सहा पापे माणसाला झाकून ठेवता येतात. लोभी माणसाचा लोभ त्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो आणि मत्सरी माणूस तर बहुधा सर्वांत गोड बोलतो. खादाडपणा मात्र अंगावर दिसतो, निदान तो दिसतो असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. लग्नाच्या जेवणात एखादे स्थूल मूल दुसऱ्यांदा ताट पुढे करते, कोणी मावशी ‘पुरे आता, जरा आरशात बघ’ असे म्हणते, आजूबाजूचे हसतात आणि मुलाची आई मान खाली घालते. हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. परंतु त्या हसण्यात एक निवाडा दडलेला असतो आणि तो मुलाइतकाच त्याच्या आईबापांवरही दिलेला असतो. हा निवाडा न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. जे पाप नाही त्याला पाप म्हटले, तर एका निरपराध जिवावर ओझे लादले जाते. आणि त्याच वेळी, खरे पाप जेथे घडत असते तेथून आपली नजर हटते. दुसरा अनर्थ पहिल्यापेक्षा लहान नव्हे.

प्रथम आपल्या परंपरेकडे वळू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा तपस्वी इव्हाग्रिअस याने साधकाला छळणाऱ्या आठ दुर्विचारांची यादी केली आणि तिच्या आरंभी खादाडपणाचा विचार ठेवला. गंमत अशी की, त्याच्या वर्णनातील खादाडपणा हा पंचपक्वान्नांवर ताव मारणारा नाही. उपवासाने आपले पोट बिघडेल, यकृत-प्लीहा दुखावतील आणि जवळपास वैद्य नसेल, अशी धास्ती साधकाच्या मनात भरवणारा तो एक भित्रा विचार आहे. पुढे सहाव्या शतकात पोप ग्रेगरी महान यांनी खादाडपणाच्या पाच तऱ्हा सांगितल्या. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, अन्न नको तितके नटवून मागणे, अधाशीपणे खाणे आणि प्रमाणाबाहेर खाणे. पाचांपैकी केवळ एकच तऱ्हा प्रमाणाशी निगडित आहे, हे ध्यानात घ्यावे. एसावाने आपला ज्येष्ठत्वाचा हक्क गमावला तो मसुरीच्या साध्या कालवणासाठी, याचीही ग्रेगरी आठवण देतात. दोष पदार्थात नसून वासनेत आहे, असे त्यांचे म्हणणे. या व्याख्येने पाहिले तर कालवणात मीठ किंचित कमी पडले म्हणून ताट दूर सारणारा सडपातळ गृहस्थ खादाड ठरतो. त्याला कोणी हसत नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या दहाव्या भागात या विषयाची फार प्रामाणिक चर्चा केली आहे. अन्न औषधासारखे घ्यावे, असे ते स्वतःला बजावतात. पण भुकेच्या क्लेशाकडून तृप्तीच्या शांतीकडे जाण्याची वाटच सुखाची असते आणि त्या वाटेवर सापळा लावलेला असतो. देहाला अजून खरोखर अन्न हवे आहे, की सुखाची इच्छा गरजेचा मुखवटा घालून बोलत आहे, हे आपले आपल्यालाच उमगत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. दीड हजारांहून अधिक वर्षे या तक्रारीला उत्तर नव्हते. कारण ‘पुरे’ हा निरोप देहात कोण देतो, कोठून देतो आणि तो कोणाला पोहोचतो, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

त्या निरोपाचा माग लागला तो उंदरांमुळे. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे १९४९ साली उंदरांच्या एका वंशात काही पिल्ले विलक्षण लठ्ठ निपजली. ती सामान्य उंदराच्या तिप्पट वजनाची होत आणि सतत खात राहत. १९६६ साली तेथेच दुसरा एक वंश सापडला. तोही लठ्ठ, शिवाय मधुमेही. डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने या दोन वंशांच्या उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने एकमेकांना अशी जोडली की, एकाचे रक्त दुसऱ्यात खेळावे. (हे वाचताना अंगावर काटा येतो, हे आम्ही लपवीत नाही. प्रयोगशाळेतील मुक्या जिवांच्या वेदनेचा हिशेब हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) परिणाम अनपेक्षित निघाला. पहिल्या वंशाच्या उंदराने खाणे सोडले आणि तो रोडावत गेला. मधुमेही उंदीर मात्र जसाच्या तसा राहिला. कोलमन यांनी अनुमान काढले की, मधुमेही उंदराच्या रक्तात तृप्तीचा निरोप देणारे एक द्रव्य विपुल आहे, परंतु त्याला स्वतःला तो निरोप ऐकू येत नाही. पहिल्याला निरोप ऐकू येतो, पण त्याच्या देहात ते द्रव्यच तयार होत नाही.

हे अनुमान १९७३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले आणि अनेकांनी ते मानले नाही. लठ्ठपणा हा वर्तनाचा दोष आहे, रक्तातील द्रव्याचा नव्हे, अशी तज्ज्ञांचीही ठाम समजूत होती. म्हणजे पंगतीत हसणाऱ्या मावशीचाच निवाडा विद्यापीठांतही चालत होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी आठ वर्षांच्या खटपटीनंतर १९९४ साली ते सदोष जनुक शोधून काढले. त्या जनुकाच्या आज्ञेने बनणाऱ्या द्रव्याला ‘कृश’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘लेप्टिन’ असे नाव मिळाले. हे संप्रेरक मेदाच्या पेशींतूनच स्रवते. कोठारात किती धान्य शिल्लक आहे हे कोठारानेच मालकाला कळवावे, तशी ही योजना आहे. मेद पुरेसा असला की रक्तात लेप्टिन वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेले भुकेचे केंद्र शांत होते. मेद घटला की लेप्टिन घटते, भूक खवळते, शरीराची ऊर्जा जपून वापरली जाते, प्रजननसुद्धा स्थगित होते. सृष्टिकर्त्याच्या या व्यवस्थेपुढे आपण नतमस्तक व्हावे अशीच ती आहे. पण व्यवस्थेतील एखादा दुवा निखळला तर काय होते?

इंग्लंडमधील केंब्रिज येथे स्टीफन ओरॅहिली, सदफ फारूकी आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. ही दोन चुलत-आते भावंडे पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील होती आणि त्या कुटुंबात जवळच्या नात्यात लग्ने होत आली होती. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. जन्मतः दोघांचीही वजने सामान्य होती. ती सदैव भुकेली असत, सतत अन्न मागत आणि नकार मिळताच आकांत करीत. तपासणीत आढळले की, लेप्टिनच्या जनुकातील एक अक्षर, केवळ एकच, गळालेले आहे. त्यामुळे त्यांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. देह मेदाने ओसंडत होता आणि मेंदूला मात्र दुष्काळाची खबर मिळत होती. ही मुले आपल्या दृष्टीने खादाड होती, स्वतःच्या दृष्टीने ती उपाशी मरत होती.

त्या मुलीला नऊ वर्षांची असताना लेप्टिनची इंजेक्शने सुरू करण्यात आली. एका वर्षात तिचे वजन १६.४ किलोंनी उतरले, असे १९९९ साली प्रसिद्ध झाले. परंतु आम्हांस वजनापेक्षा दुसरी नोंद मोलाची वाटते. चाचणीसाठी हवे तितके अन्न पुढे ठेवले असता तिचे खाणे ४२ टक्क्यांनी कमी झाले होते. कोणी तिला उपदेश केला नव्हता, धाक घातला नव्हता, तिच्याकडून व्रत घेववले नव्हते. या मुलांपैकी एक मुलगा तीन वर्षांचा असताना ४२ किलोंचा होता आणि उपचारानंतर सात वर्षांचा झाला तेव्हा ३२ किलोंचा. या काळात त्याची इच्छाशक्ती वाढली, असे म्हणता येईल काय?

असे पूर्ण लेप्टिनहीन रुग्ण जगात अत्यंत थोडे आहेत हे खरे. बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते, मेंदू त्याला दाद देत नाही इतकेच. म्हणूनच लेप्टिन हे सर्वांचा लठ्ठपणा घालवणारे औषध होईल ही आशा फोल ठरली. पण दुवे इतरही असतात. लेप्टिनचा निरोप मेंदूत पुढे नेणाऱ्या ‘एमसी४आर’ नावाच्या जनुकातील दोष लहानपणीच अतिस्थूल झालेल्या शंभर मुलांमागे पाच-सहा मुलांत आढळला. ज्यांच्यात असा एकही ठळक दोष नाही, त्यांच्या बाबतीतही वंशाचा हात लहान नसतो. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंगकाठीचा मेळ जन्मदात्या आईबापांशी बसला. ज्यांच्या घरी ती वाढली, ज्यांच्या ताटात जेवली, त्या पालक आईबापांशी बसला नाही. मुलाकडे पाहून आईच्या स्वयंपाकघराचा न्याय करणाऱ्यांनी ही नोंद दोनदा वाचावी.

आणि तो न्याय प्रत्यक्ष व्यवहारात किती कठोर होऊ शकतो, त्याचेही उदाहरण इंग्लंडचेच आहे. फारूकी यांच्या गटाला काही अतिस्थूल मुलांमध्ये सोळाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गहाळ असल्याचे आढळले. हे संशोधन २००९ च्या अखेरीस जाहीर झाले. यांतील काही मुलांची नावे समाजकल्याण खात्याने ‘धोक्यात असलेली बालके’ म्हणून नोंदवून ठेवली होती. आईबाप त्यांना जाणूनबुजून अति खाऊ घालतात, असे गृहीत धरले होते. निदान झाल्यावर ती नावे यादीतून काढण्यात आली. त्या आईबापांनी तोवर काय सोसले असेल? संत योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात की, याने पाप केले की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिष्यांचा तो प्रश्न मात्र आजही आपल्या ओठांवर आहे, फक्त आपण तो अंधांविषयी विचारीत नाही.

माणसाच्या बाबतीत आपण चटकन नीतीच्या भाषेत बोलतो, म्हणून घटकाभर प्राण्यांकडे पाहणे हितकर ठरेल. लॅब्राडोर जातीचा कुत्रा खाण्याचा लोभी म्हणून प्रसिद्ध आहे. केंब्रिजमध्येच एलेनॉर रॅफन यांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे २३ टक्के लॅब्राडोर कुत्र्यांमध्ये ‘पीओएमसी’ या जनुकाचा तुकडा गळालेला असतो. लेप्टिनचा निरोप पोहोचवणाऱ्या साखळीतलाच हा एक दुवा. अशी कुत्री अधिक वजनाची आणि अन्नासाठी अधिक लाचार असतात. २०२४ साली त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. ती दोन जेवणांच्या मध्ये अधिक भुकेली राहतात आणि विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर सुमारे पाव हिश्श्याने कमी ऊर्जा खर्च करते. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी, असा दुहेरी फास. पण खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. अपंगांच्या मदतीसाठी शिकवून तयार केलेल्या लॅब्राडोर कुत्र्यांची तपासणी केली, तेव्हा हाच दोष त्यांच्यापैकी ७६ टक्के कुत्र्यांत आढळला! खाऊच्या तुकड्यासाठी काहीही शिकण्याची त्यांची तयारी असते, म्हणून शिक्षकांनी नकळत नेमकी अशीच कुत्री निवडली असावीत. ज्याला आपण अधाशी म्हणून हाकलतो आणि ज्याला आज्ञाधारक सेवक म्हणून कुरवाळतो, तो बहुधा एकच कुत्रा असतो.

मेक्सिकोतील अंधाऱ्या गुहांत एक आंधळा मासा राहतो. तेथे अन्न येते ते पुराच्या पाण्याबरोबर, आणि मग महिनोन्‌महिने काही नाही. हार्वर्डच्या संशोधकांना २०१५ साली काही गुहांतील माशांत ‘एमसी४आर’ जनुकाचे असे बदल आढळले की, त्यामुळे मासा मिळेल तेवढे खातो आणि चरबी साठवतो. हेच जनुक बिघडले की माणसाचे मूल स्थूल होते. गुहेत ज्या खाण्याने जीव तगतो, त्याच खाण्याला आपल्या जेवणाच्या टेबलावर आपण दुर्गुण म्हणतो.

मनुष्य म्हणजे मासा नव्हे, त्याला विवेक आहे, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. म्हणूनच विवेकी माणसांवरील एका प्रयोगाची हकीकत येथे सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी उपासमारीचा अभ्यास केला. युरोपातील भुकेकंगाल लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे ठरवण्यासाठी तो हवा होता. त्यासाठी ३६ तरुण स्वेच्छेने पुढे आले. हे सारे सदसद्‌विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले, बरेचसे शांततावादी ख्रिस्ती पंथांतले तरुण होते. निश्चयाला पक्के असे लोक निवडायचे झाले असते, तर याहून चांगले सापडले नसते. सहा महिने त्यांना निम्म्या अन्नावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. आणि मन? दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, एकमेकांच्या वाट्याकडे डोळे लावू लागले. काहींनी चोरून खाल्ले आणि मग पश्चात्तापाने रडले. एकाने लाकडे फोडताना स्वतःची तीन बोटे तोडून घेतली. तो अपघात होता की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नाही. भरपेट जेवून उठलेल्या माणसाने भुकेल्याला संयमाचे धडे देण्यापूर्वी या ३६ जणांची आठवण ठेवावी.

तरीही या हकीकतीला दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही दडवणार नाही. ३६ पैकी ३२ जण अखेरपर्यंत टिकले. दाराला कुलूप नव्हते. भुकेने त्यांचे स्वातंत्र्य आक्रसले, पण ते नष्ट झाले नाही. ‘सर्व काही जनुकांत आहे, माणसाचा काय दोष’ असे म्हणणाऱ्या आजच्या सोयीच्या तत्त्वज्ञानाला हे ३२ जण उत्तर देतात. २००७ साली ‘एफटीओ’ नावाच्या जनुकाचा बराच गाजावाजा झाला. त्याचे स्थूलतेकडे झुकवणारे रूप आई व बाप दोघांकडूनही आलेल्या माणसाचे वजन इतरांपेक्षा भरते ते सरासरी तीनच किलो जास्त. तीन किलोंच्या आड लपून आयुष्यभराच्या सवयींची जबाबदारी टाळता येणार नाही.

मग रेषा कोठे आखावी? येथे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस आश्चर्यकारकरीत्या मदतीला येतात. (ते स्वतः चांगलेच आडव्या अंगाचे होते, अशी परंपरा आहे.) ते दोन क्षुधा वेगळ्या करतात. एक निसर्गाची, पोषणशक्तीची. साधी भूक आणि तहान ती हीच. ही बुद्धीच्या आज्ञेत नाही, म्हणून तिच्या ठायी सद्‌गुणही नाही आणि दुर्गुणही नाही. दुसरी क्षुधा इंद्रियांची. तिला बुद्धी वळण लावू शकते आणि खादाडपणाचा प्रश्न तेथेच उद्‌भवतो. केंब्रिजच्या त्या मुलीची भूक पहिल्या प्रकारची होती, हे रक्ततपासणीने सिद्ध झाले. थॉमस यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, तरी रेषा त्यांनी योग्य जागी आखली होती. विज्ञानाने केले आहे ते एवढेच की, ती रेषा आपण समजत होतो त्याहून बरीच पलीकडे सरकवली आहे. बरेच काही जे आपण दुसऱ्या क्षुधेच्या खाती मांडत होतो, ते पहिल्या क्षुधेचे निघाले.

ख्रिस्तसभेचा व्यवहारही याच दिशेने बोलतो. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट केले आहे की, अज्ञान, भीती, बळजबरी, सवय, मानसिक वा सामाजिक कारणे यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी संपूर्ण लोपही पावते. १९८३ च्या धर्मसंहितेने उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंतच ठेवले आहे. कोवळ्या व वृद्ध देहांवर ते लादलेले नाही. प्रायश्चित्त संस्कारात धर्मगुरू पाप ऐकतो, वजन करीत नाही.

अलीकडे या प्रश्नाला एक नवेच वळण लागले आहे. अमेरिकेच्या वाळवंटात ‘गिला मॉन्स्टर’ नावाचा विषारी सरडा राहतो. तो वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. त्याच्या विषात मानवी आतड्यातील ‘जीएलपी-१’ या संप्रेरकासारखे द्रव्य जॉन एंग यांना सापडले आणि १९९२ साली ते प्रसिद्ध झाले. त्यावरून २००५ साली मधुमेहाचे औषध निघाले. त्याच संप्रेरकाच्या वाटेने पुढे आलेले ‘सेमाग्लुटाइड’ २०२१ साली अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी मान्य झाले आणि २०२५ पासून या कामासाठी भारतातही मिळू लागले. आठवड्याला एक इंजेक्शन. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले. घेणारे सांगतात की, डोक्यात अहोरात्र चाललेला अन्नाचा कोलाहल थांबला. ऑगस्टीन यांनी ज्या सापळ्याची तक्रार केली होती, तो सुईच्या टोकाने निकामी झाला म्हणायचा!

मग संयम हा सद्‌गुण बाजारात विकत मिळू लागला काय? कित्येक धार्मिक माणसांना या औषधाविषयी अढी वाटते ती यामुळेच. वजन उतरवायचे तर ते कष्टाने उतरवावे, फुकटची मोक्षप्राप्ती नको, असा काहीसा भाव त्यात असतो. आम्हांस ही अढी पटत नाही. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही. दुसऱ्या बाजूने, या औषधाला सद्‌गुण म्हणणेही चूक ठरेल. सद्‌गुण हा निवडीतून घडत जाणारा आणि टिकणारा स्वभाव असतो. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले, असे त्याच चाचणीच्या पुढील पाहणीत दिसले. स्वभाव घडला असता तर असे झाले नसते. केंब्रिजच्या मुलीला इंजेक्शनाने संयमी केले नाही. पुढे आलेले ताट अर्धे ठेवून उठण्याची मोकळीक मात्र तिला आयुष्यात प्रथमच मिळाली. ती मोकळीक मिळाल्यानंतर खायचे किती, कोणाला वाढायचे, कोणाच्या तोंडचा घास काढायचा नाही, हे प्रश्न तिच्यापुढे आता उभे राहू शकतात. आपल्यापुढे ते कधीपासूनचेच उभे आहेत.

कारण खादाडपणा संपलेला नाही. तो आपण चुकीच्या जागी शोधत होतो एवढेच. करिंथच्या श्रद्धावंतांना संत पौलाने कडक शब्दांत खडसावले ते त्यांची पोटे सुटली म्हणून नव्हे. प्रभुभोजनासाठी जमल्यावर सधन मंडळी आपापले आधीच खाऊन-पिऊन घेत आणि गरीब बांधव उपाशी बसत, म्हणून. संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाचे वजन किती होते, हे आपणास सांगितलेले नाही. त्याच्या दारात लाजरस पडला होता, हे सांगितले आहे. या कसोटीवर आपल्या लग्नांतील आणि पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्यांतील जेवणावळी घासून पाहाव्यात. दहा-बारा प्रकारचे पदार्थ मांडायचे, निम्मे उकिरड्यावर जायचे आणि हॉलबाहेर भांडी घासणाऱ्या बायांना उरलेसुरले रात्री बारा वाजता मिळायचे. या प्रमादात सामील होणारे बहुतेकजण अंगाने सडपातळ असतात. शिवाय प्रभू येशूलाही त्याच्या काळच्या निवाडा करणाऱ्यांनी खादाड ठरवले होते. तो जकातदारांच्या पंगतीला बसे, एवढ्यावरून.

आपल्याच महाराष्ट्रातील एका संशोधनाची नोंद येथे करणे अगत्याचे आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकांचा अभ्यास चालवला. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे हाडाने आणि स्नायूंनी रोड, पण त्यांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. २००४ साली याज्ञिकांनी आपले ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांच्यासमवेत स्वतःचेच मोजमाप प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. ज्यांना पाहून कोणी स्थूल म्हणणार नाही, अशा भारतीयांना ऐन चाळिशीत मधुमेह का गाठतो, याचे एक कारण या लपलेल्या मेदात आहे. आणि त्या मेदाचे एक मूळ आईच्या उदरात, तिच्या अपुऱ्या पोषणात आहे.

त्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया शेतावर जड कामे करीत होत्या. त्यांच्यापैकी ज्यांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक होते, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणारी सून आपल्याकडेही कालपरवापर्यंत होती, काही घरांत आजही आहे. तिचे ताट रिकामे ठेवून उठलेल्यांच्या हिशेबात ती भूक कोठेच लिहिली गेली नाही. ती तिच्या मुलाच्या रक्तात लिहिली गेली.